बीएस्सी नर्सिंगला जायचंय आणि मार्क बेताचे आहेत? या चुका टाळा

मागच्या वर्षी बारावीचा निकाल लागला त्याच संध्याकाळी आमच्या मागच्या गल्लीतली एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. मी सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका, त्यामुळे मे-जून महिन्यात माझ्या ओट्यावर मार्कशीट घेऊन कुणी ना कुणी बसलेलं असतंच. आई खुशीत होती. "मावशी, एकसष्ट टक्के पडलेत. नर्सिंगला लागेल ना नंबर?"

मी मार्कशीट घेतली आणि तीनच आकडे पाहिले. फिजिक्स ३६, केमिस्ट्री ४१, बायोलॉजी ५४. बेरीज १३१. बाकी मराठीत ८४, भूगोलात ८३, इंग्रजीत ६८, म्हणून एकूण टक्केवारी गोजिरी दिसत होती.

इथेच पहिली चूक होते. बीएस्सी नर्सिंगची पात्रता एकूण टक्केवारीवर ठरत नाही, ती पीसीबी ग्रुपवर ठरते. खुल्या प्रवर्गाला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी मिळून किमान ४५ टक्के लागतात, म्हणजे ३०० पैकी १३५. मागास प्रवर्गाला ४० टक्के, म्हणजे १२०. इंग्रजीत नुसतं पास असलं तरी चालतं, पण पास असावंच लागतं. त्यामुळे एकूण ५१ टक्केवाली मुलगी पात्र ठरते आणि ६१ टक्केवाली घरी बसते, असं दर वर्षी बघते मी. निकाल हातात आला की आधी ही बेरीज करा, पेढे नंतर.

या मुलीचे चार मार्क कमी पडत होते, पण ते खुल्या प्रवर्गाच्या हिशेबाने. ती होती ओबीसी. १२० च्या हिशेबाने तिच्याकडे ११ मार्क जास्तच होते. मग अडलं कुठे? सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरताना सायबर कॅफेवाल्याने विचारलं, "नॉन क्रिमीलेअर आहे का?" म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला. हिने सांगितलं, "अजून काढलं नाही." त्याने बिनदिक्कत 'ओपन' वर टिचकी मारली आणि फॉर्म सबमिट केला. पुढे प्रवर्ग बदलायला तिने बरीच धावाधाव केली, तो बदलून मिळाला नाही.

कागद आधी, अभ्यास त्याच्या बरोबरीने

बेताच्या मार्कांच्या मुलांचं सगळं गणित अशा दाखल्यांवर उभं असतं. ९० टक्केवाल्याचा एखादा कागद मागेपुढे झाला तरी तो कुठेतरी लागतो. काठावरच्याला ती चैन नाही.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बऱ्याच पालकांना प्रवेशाच्या दिवशीच कळतं. वैधतेसाठी जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे अर्ज जातो आणि विज्ञान शाखेच्या मुलांना तो कॉलेजमार्फत बारावीतच करता येतो. वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा जुना दाखला शोधण्यातच महिना जातो. गाव एका जिल्ह्यात आणि राहणं दुसऱ्याच, असं असेल तर त्याहून जास्त. अकरावीच्या उन्हाळ्यातच हे काम अंगावर घ्या.

नॉन क्रिमीलेअर ओबीसी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), एसबीसी (विशेष मागास) आणि एसईबीसी (मराठा आरक्षण) यांना लागतं. एससी, एसटीला लागत नाही. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षीच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेलं प्रमाणपत्र फाईलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्यावरची तारीख बघा. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला सेतूमधून सहज मिळतो, फक्त निकालानंतर तिथली रांग रस्त्यापर्यंत येते. दहावीच्या मार्कशीटवर आईचं नाव एक आणि आधारवर दुसरं, हे दुखणं घराघरांत आहे. तेही आत्ताच मिटवा.

'नीट दिलीय ना, मग झालं' हा गैरसमज

झालं नाही. नीट ही डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा. महाराष्ट्रातल्या बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा असते. तिचा फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आसपासच निघतो, जेव्हा घरात कुणाला दुसरं काही सुचत नसतं. नीटला १८० मार्क पडल्यावर "आता नर्सिंग बघू" म्हणून आलेली मुलं मला दर साली भेटतात. तोवर सीईटी होऊन गेलेली असते.

नीटचा उपयोग मिलिटरी नर्सिंगला होतो. पुण्याचं एएफएमसी (सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज) आणि मुंबईचं आयएनएचएस अश्विनी (नौदलाचं रुग्णालय) धरून देशभरात सहा कॉलेजं आणि २२० जागा, त्याही फक्त मुलींसाठी. पण तिथे बारावी पहिल्याच प्रयत्नात, किमान ५० टक्क्यांनी पास असावी लागते. ज्यांनी एखादा विषय पुरवणी परीक्षेत काढलाय त्यांनी त्या वाटेवर वेळ घालवू नये.

सीईटी हीच तुमची दुरुस्ती

मार्क बेताचे असले तर एक गोष्ट मनात पक्की करा: किमान पात्रता पार झाली की गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर, म्हणजे शंभरातल्या किती जणांच्या तुम्ही पुढे आहात त्यावर लागते. पीसीबीचे १२१ मार्क आणि २२१ मार्क त्या दाराशी एकाच रांगेत उभे राहतात. इतकी उदार व्यवस्था फार ठिकाणी नाही, आणि आपली मुलं नेमकी ह्याच परीक्षेला 'बघू कशी असते' म्हणून जातात.

पेपर १०० प्रश्नांचा, १०० मार्कांचा, ९० मिनिटांचा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकी २० प्रश्न. म्हणजे इंग्रजी आणि ॲप्टिट्यूडचे मिळून ४० मार्क. फिजिक्सने ज्यांना बारावीत रडवलं त्यांच्यासाठी हे ४० मार्क म्हणजे हातचा आंबा आहे. पण क्लासवाले बायोलॉजीच घोटून घेतात आणि इंग्रजी 'येतंच की' म्हणून सोडतात. इंग्रजीचं व्याकरण रोज अर्धा तास, दोन महिने, एवढं जरी केलं तरी फरक पडतो.

दुसरं, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. तरीही प्रश्न कोरे सोडून येणारी मुलं आहेत! एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही, म्हणून फिजिक्सच्या एकाच उदाहरणावर पाच मिनिटं घालवू नका. अडलं तर काहीतरी उत्तर निवडा आणि पुढे चला. शेवटच्या मिनिटात एकही प्रश्न कोरा दिसता कामा नये.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना केलेली हुशारी

"मला ते सरकारी कॉलेज मिळणारच नाही, मग ते वर टाकून नंबर कशाला वाया घालवू?" हे मी इतक्यांदा ऐकलंय. नंबर वाया जात नाही. तुमची पाळी आली की यादीतलं वरून पहिलं जे कॉलेज रिकामं असेल ते तुम्हाला मिळतं. वरचं नाही मिळालं म्हणून खालच्याची संधी कमी होत नाही. उलट 'मिळेल ते' कॉलेज वर टाकलंत तर तेच मिळतं आणि हवं असलेलं डोळ्यांदेखत दुसऱ्याला जातं. मनातल्या आवडीच्या क्रमानेच भरा आणि भरपूर भरा. पाच नावं टाकून थांबणं ही काठावरच्या मुलाची चैन नव्हे. मात्र जिथे जायचंच नाही ते नाव टाकू नका. मिळालेल्या जागेवर हजर झालं नाही तर पुढच्या फेरीचं काय होतं, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते पान व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका, स्वतः वाचा.

आणि पहिल्या दोन फेऱ्यांत नाव आलं नाही म्हणून ऑगस्टमध्येच बीएला नाव घालून मोकळं होऊ नका. नर्सिंगच्या फेऱ्या लांबतात. जागा रिकाम्या राहिल्या म्हणून सीईटीतल्या किमान पर्सेंटाइलची अट मागाहून खाली आणल्याचंही गेल्या काही वर्षांत घडलंय. संकेतस्थळ बघत राहा.

एजंट, आणि 'दहावी नापास नर्सिंग'

तालुक्याच्या एसटी स्टँडवर बोर्ड असतो: नर्सिंग कोर्स, दहावी पास किंवा नापास, शंभर टक्के नोकरी. पांढरा युनिफॉर्म देतात, टोपी देतात, फोटो काढतात. वर्षभराने हातात येतं ते कुठल्याशा संस्थेचं सर्टिफिकेट, ज्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे तुम्ही नर्स नाही, मग सलाइन कितीही सफाईने लावता येऊ दे. आमच्या भागातल्या खासगी दवाखान्यांत अशा मुली सात-आठ हजारांवर राबतात आणि पाच वर्षांनी विचारायला येतात, "मॅडम, सरकारी भरतीचा फॉर्म का घेत नाहीत?" काय सांगणार?

दुसरा नमुना परराज्यातल्या कॉलेजचा. "हजेरी नाही लावली तरी चालेल, फक्त परीक्षेला या." असं कुणी म्हणालं की तिथूनच उठा. पैसे देण्याआधी तीन गोष्टी स्वतः तपासा: इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत कॉलेज आहे का, त्या राज्याच्या कौन्सिलची मान्यता आहे का, आणि बीएस्सी असेल तर विद्यापीठाची संलग्नता चालू वर्षाची आहे का. महाराष्ट्रात ते विद्यापीठ म्हणजे नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ.

डोनेशन देऊन सीट घेणाऱ्या मुलींच्या पालकांनी आणखी एक हिशेब करावा. राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला असेल तरच. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतलीत की ही सवलत गेली.

जीएनएमला नाक मुरडणं

जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचा. बारावी इंग्रजी विषयासह ४० टक्क्यांनी पास, शाखा कुठलीही चालते. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की बीएस्सीची पदवी. सरकारी अधिपरिचारिकेच्या भरतीला जीएनएम चालतं. नॉरसेटलाही, म्हणजे एम्सच्या नर्स भरतीच्या परीक्षेलाही चालतं, फक्त पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. मी स्वतः ह्याच वाटेने आले. वॉर्डात रात्री तीनला पेशंटचं बीपी पडतं तेव्हा बीएस्सी की जीएनएम असं कुणी विचारत नाही. पगारवाढीच्या वेळी विचारतात, म्हणून पोस्ट बेसिक करावं. एएनएम हा त्याखालचा कोर्स दोन वर्षांचा आहे, तोही मुलींसाठीच. मुलांनी जीएनएम किंवा बीएस्सीच बघावं.

आणि ज्यांना पीसीबीचे दोन-चार मार्कच नडलेत, त्यांनी बोर्डाची श्रेणीसुधार परीक्षा देऊन बघावी. ज्यांनी बायोलॉजी घेतलंच नव्हतं ती मुलंही एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून तो विषय काढतात. वर्ष जातं, पण नोकरी पुढे तीस-पस्तीस वर्षांची आहे. फक्त गॅप पडला की त्याचं प्रतिज्ञापत्र फाईलला जोडायला विसरू नका.

ती १३१ वाली मुलगी जीएनएमला लागली. सध्या पहिल्या वर्षाला आहे, मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग झालंय, पाय दुखतात म्हणून तक्रार करते. परवा तिने मला फोटो पाठवला: नवं कोरं नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र. खाली लिहिलं होतं, "मावशी, पोस्ट बेसिकसाठी आत्ताच काढून ठेवलं."

मी लिहिलं, "अगं, मुदत बघ. मार्चमध्ये संपतंय ते."