मोठ्या कॅलिबरची काडतुसे स्वतः भरताना : नवशिक्यांसाठी अनुभवाचे चार शब्द

हँडलोडिंग शिकू पाहणाऱ्या बहुतेकांना जोरकस काडतुसांची धास्ती वाटते, म्हणून ते हलक्या भारापासून, म्हणजे काडतुसात कमी पावडर घालून, सुरुवात करायचे ठरवतात. हा विचार चुकीचा नाही. मात्र मोठ्या कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गफलत होण्याची जागा पुष्कळदा नेमकी याच हलक्या भारात दडलेली असते. .४५ कोल्ट हे काडतूस १८७० च्या दशकातले, काळ्या पावडरीसाठी आखलेले आणि त्यामुळे आतून प्रशस्त आहे. आजची जलद जळणारी धूरविरहित पावडर तेच काम इतक्या थोड्या प्रमाणात करते की पितळी कवच बरेचसे रिकामेच राहते. अशा कवचात चुकून दुसऱ्यांदा पावडर पडली तर ती सांडत नाही आणि गोळी बसवताना हातालाही काही जाणवत नाही. .४४ मॅग्नममध्ये हलके भार भरतानाही हीच अडचण येते. म्हणून पहिली पावडर निवडताना ती स्वस्त आहे का, यापेक्षा ती कवचाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापते का, हे मी आधी पाहतो. अशा पावडरीचा दुप्पट भार कवचाबाहेर सांडतो आणि चूक आपणहून उघडी पडते.

साहित्य घेण्यापूर्वी आपण राहतो तेथील कायदा पाहावा. कुठे शस्त्रपरवाना पुरतो, कुठे काडतुसे भरण्यासाठी निराळी परवानगी लागते, तर कुठे त्यास साफ मनाई असते. त्यानंतरची पहिली खरेदी म्हणजे भाराचे कोष्टक असलेले अलीकडचे मॅन्युअल. प्रेस, म्हणजे काडतूस जुळवण्याचे दाबयंत्र, घेण्याच्या आधी त्याची सुरुवातीची प्रकरणे वाचून झालेली असावीत. प्रेस मात्र एका वेळी एकच काम करणारा, म्हणजे सिंगल स्टेज घ्यावा. हँडल ओढताच चार कामे उरकणारा प्रोग्रेसिव्ह प्रेस वेळ वाचवतो हे खरे. परंतु नवख्याचे लक्ष चार ठिकाणी विभागले जाते आणि वाचलेल्या वेळाचे तो काय करणार, हा प्रश्न मला नेहमीच पडतो. तराजू एक दशांश ग्रेनपर्यंत खात्रीचा हवा. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, म्हणजे आपण मोजतो तो फरक साडेसहा मिलिग्रॅमचा असतो. पंख्याच्या वाऱ्यानेही काटा हलतो. प्रायमर, म्हणजे कवचाच्या बुडात बसणारी आणि आघाताने पेटणारी छोटी टोपी, हाताळताना तर डोळ्यांवर संरक्षक चष्मा असलाच पाहिजे.

कामाच्या टेबलावर एका वेळी पावडरीचा एकच डबा असावा आणि काम संपताच उरलेली पावडर त्याच मूळ डब्यात परत जावी. प्रायमरही मूळ वेष्टनातच ठेवावेत; काचेच्या बरणीत एकत्र ओतलेले प्रायमर एका ठिणगीसरशी सगळे मिळून फुटू शकतात. भरण्याची माझी रीत अशी : प्रायमर बसवलेली सर्व कवचे लाकडी ठोकळ्याच्या भोकांत पालथी ठेवायची, एक उचलायचे, त्यात पावडर घालायची आणि दुसऱ्या ठोकळ्यात सुलटे ठेवायचे. पालथ्या कवचात पावडर पडूच शकत नाही, त्यामुळे कोणते भरले आणि कोणते राहिले हे स्मरणावर सोडावे लागत नाही. ठोकळा भरला की विजेरी तिरपी धरून प्रत्येक कवचात डोकवायचे. प्रकाश कडेने पडला की सगळीकडे पावडरीची पातळी सारखी दिसते आणि एखादे कवच उथळ वा खोल असेल तर ते लगेच नजरेत भरते. ही तपासणी झाल्याखेरीज एकही गोळी बसवू नये. मध्येच कोणी हाक मारली, तर हातातले कवच रिकामे करून पुन्हा मोजावे.

मॅन्युअलमधील आकडा कोणत्या शस्त्रासाठी आहे हेही पाहावे लागते. .४५ कोल्टची प्रमाणित दाबमर्यादा १४,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, तर .४४ मॅग्नमची ३६,०००. काही मॅन्युअलांत मजबूत आधुनिक रिव्हॉल्व्हरसाठी .४५ कोल्टचे वेगळे, जोरकस भार दिलेले असतात. ते जुन्या शस्त्रात घातले तर सिलिंडर, म्हणजे काडतुसे बसतात तो फिरता भाग, फुटू शकतो. सुरुवात छापील किमान भारापासून करावी आणि गोळी, प्रायमर वा कवच यांतले काहीही बदलले की पुन्हा तेथूनच यावे. मात्र एच-११० सारख्या मंद जळणाऱ्या पावडरीचा भार मनाने कमी करणे हाही धोकाच आहे, कारण ती पुरेशा दाबाशिवाय नीट पेटत नाही.

रिव्हॉल्व्हरच्या काही खोडी त्याच्या स्वतःच्याच आहेत. प्रायमर कवचाच्या बुडाच्या किंचित आत बसला नाही तर सिलिंडर फिरताना अडकतो, म्हणून प्रत्येक बुडावरून बोट फिरवून पाहावे. दुसरी खोड धक्क्याची. जोरकस काडतूस उडते तेव्हा शस्त्र मागे येते आणि सिलिंडरमधल्या न उडालेल्या काडतुसांतील गोळ्या कवचांतून पुढे सरकू पाहतात. एखादी पुरेशी बाहेर आली की सिलिंडर जागीच थांबतो. यासाठी कवचाचे तोंड गोळीवरच्या खाचेत घट्ट वळवावे लागते. हे वळण पुरेसे आहे का, हे पाहण्यासाठी सिलिंडर भरून एक सोडून बाकीच्या गोळ्या झाडाव्यात आणि उरलेल्या काडतुसाची लांबी आधीच्या मापाशी ताडून पाहावी.

मैदानावर झाडताना आवाज फुसका आला किंवा धक्का नेहमीपेक्षा कमी जाणवला, तर लगेच थांबावे. पावडर न पडलेल्या काडतुसात नुसता प्रायमरही गोळीला नळीत ढकलू शकतो, आणि तिच्यामागून दुसरी सुटली की नळी फुगते किंवा फाटते. शस्त्राचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून थोडे थांबावे, मग सिलिंडर रिकामा करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे.

प्रायमरच्या राखेत आणि गोळ्यांत शिसे असते, म्हणून टेबलापाशी खाणेपिणे नको, उठताना हात साबणाने धुवावेत आणि मुलांना तेथे येऊ देऊ नये. भरलेल्या प्रत्येक डब्यावर पावडरीचे नाव, भार, गोळीचे वजन, प्रायमर आणि तारीख लिहावी. चिठ्ठी नसलेला डबा हाती आला तर आत काय असेल याचा तर्क करीत बसू नये. त्या काडतुसांच्या गोळ्या काढून घ्याव्यात आणि आतली पावडर पुन्हा वापरू नये.