कव्हर गाणं काढताय? या चुका टाळा

धुळ्याकडच्या एका पोराचा सकाळीच फोन. "दादा, गाणं उडी गयं ना!" म्हणजे यूट्यूबवरून गाणं काढलं गेलं. हिंदी सिनेमाच्या गाजलेल्या चालीवर त्यानं अहिराणी शब्द बसवले होते. हळदीत नाचायला एकदम झकास. खाली लिहिलं होतं, 'कव्हर व्हर्जन, कुणाचा हक्क डावलण्याचा हेतू नाही.' त्या ओळीचा उपयोग शून्य. आणि मुळात ते कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आहे तसं आपल्या आवाजात पुन्हा गाणं, नव्हतंच.

आपल्याकडे सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. चाल दुसऱ्याची, शब्द आपले, म्हणजे ते रूपांतर. त्याला चालीच्या मालकाची आधी परवानगी लागते. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कव्हरसाठी कलम ३१सी आलं, पण ते मूळ गाणं जवळपास आहे तसं पुन्हा ध्वनिमुद्रित करणाऱ्यासाठी. त्यातही पहिलं ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं, ते वर्ष संपल्यावर पुढची पाच कॅलेंडर वर्षं थांबायचं. २०२१ चं गाणं असेल तर १ जानेवारी २०२७ पासूनच. मालकाला आणि कॉपीराइट रजिस्ट्रारला किमान १५ दिवस आधी नोटीस, आणि दर गाण्यामागे दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ. कॅसेटच्या जमान्याचा हिशेब वाटतो ना? घरातल्या खोलीत माइक लावून गाणाऱ्याला हा रस्ता परवडत नाही. त्यानं गाण्याच्या कंपनीला किंवा प्रकाशकाला सरळ लेखी विचारावं.

आता नव्यानं बांधणीचं. मूळ गायकाची पट्टी तुमच्या गळ्याला झेपत नाही म्हणून दोन सूर खाली आलात, तर ती ध्वनिमुद्रणाची तांत्रिक गरज होती असं सांगता येतं. पण एक अंतरा गाळला, मधे स्वतःचं कडवं घुसवलं, मुखड्याची चाल वळवली, की कलम ३१सी तुमच्या पाठीशी नाही. असा बदल मालकानं आधी केलेला तरी हवा, नाहीतर त्याची संमती हवी. पोस्टरवर मूळ गायकाचा फोटो टाकायचा मोहही आवरा. या कलमाखाली तोही चालत नाही.

दुसरी चूक, 'जुनं आहे, म्हणजे मोकळं आहे.' गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण अशा तीन मालमत्ता असतात, आणि तिघींचं घड्याळ वेगळं चालतं. आपल्या बहिणाबाईंचंच बघा. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आल्या. लेखकाच्या पश्चात आलेल्या लेखनाला प्रकाशनापासून ६० वर्षं संरक्षण मिळतं, म्हणजे त्या संग्रहातले शब्द २०१३ पासून सगळ्यांचे. पण त्या कवितांना नंतर कुणी लावलेली चाल त्या संगीतकाराची. ती त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं. त्यांच्या माहेरी आसोद्यात बसून बहिणाबाईंची ओवी गायची तर स्वतःची चाल लावा, कुणी अडवणार नाही.

कराओके ट्रॅक नेटवरून उचलणं ही तिसरी चूक. ट्रॅक बनवणाऱ्याचाही त्या ध्वनिमुद्रणावर हक्क असतो. 'दुसऱ्याच्या गाण्याचे दहा सेकंद वापरले तर चालतात' ही तर निव्वळ अफवा.

लग्नाच्या वरातीत बँडनं कुठलंही गाणं वाजवलं तरी कलम ५२ त्याला सूट देतं. पण त्याच वरातीचं शूटिंग चॅनेलवर टाकलं की ती सूट तिथवर येत नाही.

यूट्यूबवर 'क्लेम', म्हणजे गाण्यावर कुणाचा हक्काचा दावा, आला की लोक घाबरून व्हिडिओच काढून टाकतात. बऱ्याचदा क्लेममध्ये फक्त जाहिरातीचे पैसे मालकाकडे वळतात. स्ट्राइक वेगळी, तिच्यात मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओच काढला जातो. ९० दिवसांत तीन झाल्या तर चॅनेल जाऊ शकतं. श्रावणातल्या कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या, पारंपरिक गाण्यावर कुण्या कंपनीचा क्लेम आला, आणि तुम्ही त्यांचं ध्वनिमुद्रण वापरलेलं नसेल, तर हरकत घ्या: गाणं पारंपरिक आहे, आवाज आणि वाद्यं आमची. उत्तर द्यायला समोरच्याला ३० दिवस असतात. तोवर रेकॉर्डिंगची मूळ फाइल पुसू नका.