चोडण ते दूधसागर: गोव्यात फिरताना या चुका टाळा

पुण्या-कोल्हापुराहून गोव्याला येणारी मंडळी हॉटेल दोन महिने आधी ठरवतात, पण भरती किती वाजता आहे हे कुणी विचारत नाही. कळंगुटच्या वाळूत बसायचं असेल तर त्यानं काही बिघडत नाही. बेटावर आणि रानात मात्र बेत फसतो तो इथेच.

पाणी न विचारता चोडणला जाणं

रायबंदरहून फेरीबोटीनं पलीकडे चोडण बेटावर उतरलात की धक्क्याजवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. पावणेदोन चौरस किलोमीटरची खारफुटी. लोक नाश्ता उरकून आरामात पोचतात, होडी मागतात आणि नेमकी सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली असते. आतल्या चिंचोळ्या पाटांत होडी रुतते, मग होडीवाल्याशी वाद.

यावर कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही, म्हणजे भर दुपारी पाणी तळाला. पौर्णिमा-अमावास्येला अकराच्या पुढेमागे, आणि उधाण असल्यानं पाणीही चांगलं चढतं. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी होडीवाल्याला फोन कराच. गंमत अशी की पक्ष्यांना चिखल उघडा पडलेला हवा असतो. तुतवार, बगळे तिथेच चरायला उतरतात. तेव्हा भरती उतरायला लागताना होडीत बसावं: पाटात पाणीही असतं आणि कडेला चिखलही दिसू लागतो. सकाळी लवकर ही वेळ जुळली तर उत्तम. मे महिन्यात येऊन ‘पक्षीच नाहीत’ म्हणू नका, पाहुणे पक्षी थंडीत येतात.

दुचाकी असेल तर आणखी एक. सुकतीला धक्क्याच्या उतारावरचं हिरवं शेवाळ उघडं पडतं. तिथे पुढचा ब्रेक करकचून दाबलात की गाडी आडवी. फेरीला लांबच लांब रांग दिसली तर मयेकडून रस्त्यानंही चोडणला येता येतं.

ग्रांडे बेटाजवळ निळं पाणी शोधणं

वास्कोसमोरच्या या बेटाभोवती मांडवी-जुवारीचा गाळ येतो. पावसानंतर लगेच गेलात तर स्नॉर्केलिंगचा मुखवटा लावून पाण्याखाली फक्त धुरकट हिरवं दिसेल. डिसेंबर-जानेवारी बरा. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या, उलटी झाल्यावर तिचा उपयोग नाही. अंजदीवचा हट्ट मात्र सोडा, ते नौदलाच्या ताब्यात आहे.

पावसात रुळांवरून दूधसागर

धबधबा ३१० मीटरचा, आणि खरा भरतो पावसातच, हे मान्य. पण तेव्हा कुळे गावातून धबधब्याकडे नेणाऱ्या जीपगाड्या बंद असतात, वाटेतले ओढे फुगलेले असतात. मग लोक रेल्वेच्या रुळांवरून चालत निघतात. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि बोगद्यात गाडी आली तर कायद्याचा प्रश्नच उरत नाही. ऑक्टोबरात जीप सुरू झाल्या की लगेच या, तेव्हा पाणी बऱ्यापैकी असतं. कुळ्यापुढे मोबाईलला रेंज नसते, खिशात रोख ठेवा. लाईफ जॅकेट ‘मला पोहता येतं’ म्हणून काढू नका.

जळू आणि गोचीड यांत फरक न करणं

पावसात नेत्रावळी, खोतीगाव, म्हादईच्या रानात जळवा लागतात. जळू ओढून काढू नका, नखानं तिचं तोंड कातडीवरून बाजूला सरकवा. ती रक्त गोठू देत नाही, म्हणून जखम बराच वेळ झिरपते. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

घाबरायचं ते गोचिडीला. सत्तरी तालुक्यात गोचिडीतून होणारा माकडताप (केएफडी) आहे, आणि तो पसरतो कोरड्या महिन्यांत, साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका पर्यटकांच्या हंगामात. पाचोळ्यात बसू नका, पँट मोज्यात खोचा, मेलेल्या माकडाच्या जवळ फिरकू नका. गोचीड चिकटलीच तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. घरी गेल्यावर आठवडाभरात जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना सत्तरीत फिरल्याचं आवर्जून सांगा. पुण्याच्या डॉक्टरला ते आपणहून सुचणार नाही, तो डेंग्यूच तपासत बसेल.

बाकी किरकोळ. बोंडला अभयारण्य गुरुवारी बंद असतं. खोतीगावच्या मचाणावर दुपारी बारा वाजता चढून गवा दिसत नाही. आणि एकाच दिवसात मोले व काणकोण दोन्ही करायचे असतील, तर गाडीच्या काचेतून रस्ता तेवढा बघून याल.