उपजत प्रतिकारशक्ती कर्करोगाची सुरुवात कशी हेरते: अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

या विषयाच्या अभ्यासाला मी लागले, तेव्हा 'ओळखणे' म्हणजे परक्याला हेरणे, एवढाच अर्थ माझ्या मनात होता. कर्करोगाची पेशी मात्र शरीराचीच असते, आणि हा पेच सुटल्याशिवाय पुढचे काहीच नीट उमगत नाही.

माझ्यापुरता तो एका फसलेल्या प्रयोगाने सोडवला. रक्तातून वेगळ्या केलेल्या एनके पेशींनी (नॅचरल किलर, म्हणजे उपजत प्रतिकारशक्तीतील मारक पेशींनी) के५६२ या रक्तकर्करोगाच्या पेशी चार तासांत मोठ्या प्रमाणावर मारल्या, पण दुसऱ्या एका कर्करोगाच्या पेशींपुढे त्याच एनके पेशी जवळजवळ स्वस्थ राहिल्या. आपल्या हातून काही चुकले असे समजून मी तीन आठवडे तोच प्रयोग करत राहिले. अखेर दोन्ही लक्ष्यपेशींवरील एमएचसी वर्ग-१ प्रथिने (पेशी शरीराचीच असल्याची ओळख पटवणारी) फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या तंत्राने, मोजली, तेव्हा उलगडा झाला: के५६२ वर ती जवळपास नव्हतीच, दुसऱ्या पेशींवर भरपूर होती. ही प्रथिने एनके पेशीला लगाम घालतात. ती हरवली की लगाम सैल होतो, हे क्लास कॅरे आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) पेशींवर दाखवून दिले होते. मी ते वाचलेही होते, पण मोजेपर्यंत समजले नव्हते.

लगाम सैल होणे मात्र पुरेसे नाही, टाचही बसावी लागते, म्हणजे हल्ल्याला उद्युक्त करणारा संकेतही मिळावा लागतो. लाल रक्तपेशींवर एमएचसी वर्ग-१ प्रथिने अत्यल्प असूनही एनके पेशी त्यांच्या वाटेला जात नाहीत. डीएनएला इजा झालेली पेशी मायका, मायकबी यांसारखी ताणदर्शक प्रथिने पृष्ठभागावर आणते आणि एनके पेशीवरचा एनकेजी२डी हा ग्राही ती टिपतो. शिवाय गुणसूत्रांची वाटणी बिघडल्यास केंद्रकाबाहेर पडलेला डीएनए सीगॅस हे प्रथिन पकडते व स्टिंग या दुसऱ्या प्रथिनामार्फत इंटरफेरॉनची (प्रतिकारशक्तीला जागवणाऱ्या प्रथिनांची) हाक दिली जाते. कर्करोगाच्या अगदी आरंभी हेच संकेत मला अधिक मोलाचे वाटतात, कारण डीएनएची इजा गाठ दिसण्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

म्हणून कोणताही शोधनिबंध वाचताना लगाम कोणता आणि टाच कोणती, हे आधी वहीत लिहावे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी या प्रतिकारशक्तीच्या तावडीतून निसटलेल्या कर्करोगाच्या असतात, हेही विसरू नये. वेळीच मारली गेलेली पेशी कधीच आपल्या हाती येत नाही. तिचा माग अप्रत्यक्षच काढावा लागतो, जसा २००८ मध्ये एनकेजी२डी नसलेल्या उंदरांत काही कर्करोग अधिक वाढतात हे पाहून काढला गेला.