लेझरनं पेशीला भोक पाडायचं असेल तर

पणजीजवळच्या पठारावर आमची प्रयोगशाळा आहे. पाऊस आणि एमएस्सीची नवी मुलं तिथं साधारण एकदमच येतात. लेझरचं टेबल दहा वर्षं माझ्याकडे आहे आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, पॉवर किती ठेवायची?" तो आकडा सांगते, पण आधी बांगड्या काढा. घड्याळ, अंगठीसुद्धा. आमचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा पल्स लेझर (प्रकाश ठोक्याठोक्यानं सोडणारा; एक ठोका म्हणजे एक पल्स) चौथ्या, म्हणजे सर्वात धोकादायक वर्गातला आहे. बांगडीवरून परतलेला किरणही डोळ्याचा पडदा जाळतो. त्या तरंगलांबीचाच चष्मा लावा. पेन खाली पडलं तर किरणाच्या उंचीवर डोकं नेऊन वाकू नका, पडू दे.

लेझरनं पेशीला भोक पाडून बाहेरचा रेणू आत घालायचा, हे आमचं काम. त्यात सोन्याचे कण कशाला, हेही विचारतात. १९८४ साली जपानमध्ये लेझरनं पेशीत डीएनए घातला गेला. २००२ मध्ये तिर्लापूर आणि क्योनिग या संशोधकांनी ८०० नॅनोमीटरच्या फेम्टोसेकंद (अतिशय छोट्या पल्सच्या) लेझरनं तेच फार सफाईनं केलं. पण त्यात एकेका पेशीवर नेम धरावा लागतो. हजारो पेशी हव्या असतील तर पेशीपटलावर (पेशीच्या पातळ आवरणावर) ६०-७० नॅनोमीटरचे सोन्याचे कण चिकटवायचे. हिरवी पल्स पडली की कण तापतो, भोवतीच्या पाण्याची वाफ होऊन चिमुकला बुडबुडा फुटतो आणि पटलाला भोक पडतं. बाहेर असलेला रेणू त्यातून आत शिरतो. काही सेकंदांत, फार तर मिनिटांत, पेशी भोक बुजवते.

आदल्या दिवशी ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कर्करोगपेशी) लावा. सकाळी वेलचा साठ-सत्तर टक्के तळ भरलेला दिसला पाहिजे. सोन्याची बाटली उजेडात धरून बघा: लालसर असेल तर ठीक. जांभळी-निळी झाली असेल तर कण एकमेकांना चिकटलेत, ओतून टाका. कण बहुतेक वेळा मिठामुळे गोळा होतात, म्हणून नुसत्या बफरमध्ये (क्षारांच्या द्रावणात) मिसळू नका. पेशींवर अर्धा तास ठेवा आणि सुटे कण दोनदा धुवा.

आता फिनॉल रेड हा रंग नसलेलं मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) घाला. तो लाल रंग हिरवा प्रकाश खातो. मीडियममध्ये कॅल्शियम हवंच. पेशी भोक बुजवते ते कॅल्शियम आत शिरल्याच्या इशाऱ्यावर, त्यामुळे कॅल्शियम नसलेल्या पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये) प्रयोग केलात तर भोकं उघडीच राहतील. पल्सच्या ऐन आधी १० किलोडाल्टन वजनाचा एफआयटीसी-डेक्स्ट्रान (हिरवा चमकणारा रंग जोडलेली साखरेची साखळी) घाला, मिलिलिटरला १-२ मिलिग्रॅम. नंतर घालून उपयोग नाही, दार बंद झालेलं असतं.

पॉवरचा हिशेब असा. मीटर प्लेटच्या जागी ठेवा, लेझरच्या तोंडाशी नको. २० मिलिवॉट दिसले आणि सेकंदाला २० पल्स असल्या तर एका पल्समध्ये १ मिलिज्यूल. ठिपक्याचा व्यास ०.३ मिलिमीटर असेल तर चौरस सेंटिमीटरला साधारण १.४ ज्यूल. त्रिज्येच्या जागी व्यास घातलात तर उत्तर चौपटीनं चुकतं, आणि दरवर्षी कोणीतरी घालतंच. पहिल्या दिवशी याच्या पाव भागापासून दुपटीपर्यंत पाच-सहा पायऱ्या करा. एका जागी एकच पल्स. अर्ध्या मिनिटात वेल होतो.

मग काही मिनिटं थांबा, हलक्या हातानं धुवा, ताजं मीडियम घालून ३७ अंशांना दोन तास ठेवा.

इथं माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी मी डेक्स्ट्रानऐवजी प्रोपिडियम आयोडाइड हा लाल चमकणारा रंग वापरलं. निरोगी पेशीत ते शिरत नाही, म्हणजे लाल दिसली ती यशस्वी, असं धरलं. वेल लालभडक! सगळ्यांना पातळभाजी-पाव खिलवला. दुसऱ्या दिवशी बघते तर पेशी तळ सोडून तरंगत होत्या. मेलेली पेशीही त्याच रंगानं लाल होते. म्हणून ते दोन तासांनंतर घाला: हिरवी दिसते पण लाल नाही, तीच तुमची. जिवंत पेशी ओळखायला कॅल्सिन हा रंग घ्यायचा मोह होईल, पण तोही हिरवाच, डेक्स्ट्रानमध्ये मिसळून जाईल.

हिरव्यातही फसगत आहे. पेशी डेक्स्ट्रान आपसूक गिळते, तेव्हा आत ठिपके-ठिपके दिसतात. भोकातून गेलेला रंग पेशीभर सारखा पसरतो. त्यासाठी नुसतं सोनं, नुसता लेझर आणि दोन्ही नाही, असे तीन वेल सोबत लागतात, तिन्हींत डेक्स्ट्रान घालून. ते लावल्याशिवाय फोटो घेऊन माझ्याकडे येऊ नका.

आता पावसाळा. एसी चालू असताना लाईट गेली तर दार-खिडक्या उघडू नका. बाहेरची दमट हवा गार आरशांवर दव धरते आणि ओल्या आरशावर पल्स सोडली की लेपावर जळका ठिपका कायमचा राहतो. लाईट आल्यावर टॉर्च मारून आरसे बघा, मगच चालू करा. ऑब्जेक्टिव्ह (सूक्ष्मदर्शकाची भिंगं) ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की भाजून घ्या. गणेशचवथीच्या सुट्टीआधी तर नक्की, नाहीतर परत येईपर्यंत काचेवर बुरशीची नक्षी उमटलेली असते.

डेक्स्ट्रान जमला की पुढं एसआयआरएनए (जनुक गप्प करणारा छोटा आरएनए), मग एमआरएनए (प्रथिनाचा निरोप नेणारा). त्यांचं काम पेशीद्रवातच होतं. प्लाझ्मिड (डीएनएचं गोल कडं) शेवटी घ्या. तो मोठा असतो, वर त्याला केंद्रकापर्यंत पोचावं लागतं.