जॉर्जटाऊन दाखवायचं तर आधी खाण्याच्या वेळा लावा

मलेशियात पेनांग बेटावरच्या बायान लेपासला नोकरीवर रुजू झालात, घर लागलं, की सासर-माहेरची मंडळी पेनांगची तिकिटं काढायला लागतात. मग मोबाइलवर पेनांगची राजधानी जॉर्जटाऊनची यादी येते: निळी हवेली, भिंतींवरची चित्रं, संध्याकाळी समुद्रकाठचा गर्नी ड्राइव्ह. ती यादी बाजूला ठेवा. इमारती कुठे पळून जात नाहीत, खाण्याच्या गाड्या मात्र आवरल्या की आवरल्या. कुणाचा माल दुपारच्या आत संपतो, कुणी अंधार पडेपर्यंत चूल पेटवत नाही, प्रत्येकाची सुट्टीही वेगळ्या वारी. आधी खाणं ठरवा, मधल्या तासांत वारसा बसवा.

पहिली सकाळ लिटल इंडियात. रोती चनाय (आमटीसोबतचा पराठा) आणि तेह तारिक (फेसाळ दुधाचा चहा) झालं की जालान मस्जिद कपितान केलिंग हा रस्ता पायी पालथा घाला. १८१८चं सेंट जॉर्ज चर्च, ग्वान यिन देवीचं चिनी देऊळ, शेजारच्या क्वीन स्ट्रीटवर १८३३चं महामारिअम्मन मंदिर आणि १८०१ साली स्थापन झालेली मशीद, सगळं चालण्याच्या टप्प्यात. २००८ साली मलाक्कासोबत या शहराला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, तो का, हे या एका रस्त्यावर कळतं. मारिअम्मनचं देऊळ दुपारी बंद असतं, तेव्हा ते आधी उरका.

दुपारच्या उन्हात वडीलधाऱ्यांना फिरवू नका. खू कोंग्सी (खू या चिनी कुळाचं सभागृह) किंवा पेराणाकन (इथे रुजलेल्या चिनी घराण्यांची) हवेली, दोन्हीपैकी एकच, पण निवांत. माझं मत विचाराल तर खू कोंग्सी. छपरावरचं नक्षीकाम बघताना मान दुखते. चू जेटीवर, म्हणजे पाण्यावर खांबांवर उभ्या वस्तीत, ऊन उतरल्यावर जा. ती लाकडी घरं आहेत, लोक राहतात तिथे. दारातून डोकावू नका.

आता खाण्याचं. मालवणी माणसाला आसाम लाक्सा पहिल्या घासाला पटतो, बांगड्याचं चिंच घातलेलं आंबट कालवणच ते, फक्त आत शेवया आणि वरून कोळंबीची काळी चटणी. चार क्वे त्याव या परतलेल्या तांदळाच्या चपट्या शेवयांमध्ये बहुतेक ठिकाणी डुकराची चरबी असते, विचारून घ्या. नासी कांदार म्हणजे तमिळ मुस्लिम पद्धतीचा भात-रस्सा, त्याच्या दुकानात भातावर सगळे रस्से एकत्र ओतायची पद्धत आहे. बीफ चालत नसेल तर "मिसळू नका" हे ताट भरायच्या आधीच सांगा, कारण त्यातला एखादा रस्सा बीफचा असतोच. कोपितियाममध्ये (आत खाण्याच्या गाड्या असलेलं कॉफीचं दुकान) टेबल धरा, पेय दुकानदाराकडून मागवा, खाणं गाड्यांवरून. पेय न घेता बसणं बरं दिसत नाही.

शाकाहाऱ्यांचा खरा घोळ माशात नाही, बेलाचानमध्ये आहे. कांगकुंगची पालेभाजी दिसते निष्पाप, पण परतलेली असते कोळंबीच्या या पेस्टमध्ये. "मांस नको" म्हणून भागत नाही. "ताक माऊ बेलाचान, ताक माऊ उदांग" (बेलाचान नको, कोळंबी नको) असं मलयमध्ये स्पष्ट सांगा.

घरची मंडळी पक्की शाकाहारी असतील तर त्यांना चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत बोलवा, म्हणजे साधारण आपल्या नवरात्राच्याच सुमारास. तेव्हा इथे नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो आणि गल्लोगल्ली पिवळी निशाणं लावून शाकाहारी गाड्या लागतात, तेही कांदा-लसणाशिवाय. हॉटेलं मात्र लवकर भरतात, खोली आधीच धरून ठेवा.