मिनिमल, पण कुणाकुणामधला?

तिसऱ्या वर्षाला मिनी प्रोजेक्टचा विषय शोधायला आम्हाला सांगलीबाहेर जावं लागलं नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 वर धोका. मग कुठला रस्ता बंद आणि कोण कुणापासून तुटलं, हीच घरोघरी चर्चा. 2019 चा महापूर डोक्यात ताजा होता. चौक म्हणजे व्हर्टेक्स (बिंदू), रस्ता म्हणजे एज (दोन बिंदू जोडणारी रेघ), सगळं मिळून ग्राफ. अमुक चौक बुडाले तर ग्राफचे तुकडे होतात का? होत असतील तर ते चौक मिळून सेपरेटर, आणि त्यातला एकही जादाचा नसेल तर मिनिमल.

जादाचा आहे का हे बघायला मी सरळ वाट धरली. संचातला एकेक चौक ग्राफमध्ये परत ठेवायचा. ग्राफ तरीही तुटलेलाच असेल तर ‘मिनिमल नाही’ छापायचं. चार-पाच उदाहरणं बरोबर आली, मी खूश. मॅडमनी फळ्यावर क-ख-ग-घ असा चौकोन काढला आणि ख ला एक शेपूट जोडलं, च.

“ख आणि घ काढ. तुझा प्रोग्राम काय म्हणतो?”

‘मिनिमल नाही.’ कारण एकटा ख काढला तरी च तुटतोच.

“पण क आणि ग वेगळे करायला दोन्ही लागतात की रे. मग मिनिमल कुणाकुणामधला?”

गोम इथंच आहे. कुठल्या तरी एका जोडीसाठी मिनिमल असला की पुरे. एका मिनिमल सेपरेटरच्या पोटात दुसरा असू शकतो. (मिनिममचा घोळ वेगळा. नेटवर्कएक्स या पायथनमधल्या ग्राफ-लायब्ररीचं तयार फंक्शन आकारानं सर्वांत लहान कट शोधून देतं, त्याचा इथं उपयोग नाही.)

सगळ्या जोड्या तपासत बसू नका. सेपरेटर काढल्यावर पडलेल्या तुकड्यांत किमान दोन असे हवेत, ज्यांना सेपरेटरमधला प्रत्येक व्हर्टेक्स शेजारी आहे. यांना फुल कंपोनंट म्हणतात. असे दोन असले की कुठलाही व्हर्टेक्स परत ठेवा, दोन्ही तुकडे लगेच जोडले जातात. वरच्या चित्रात क आणि ग फुल; च ला फक्त ख चा शेजार.

पायथनमध्ये हे वीसेक ओळींत बसतं. ग्राफमधून काही डिलीट करू नका. ‘पाहिलेले’ हा सेट सुरुवातीलाच सेपरेटरनं भरा, मग बीएफएस (शेजाऱ्यांकडून त्यांच्या शेजाऱ्यांकडे पसरत जाणारा शोध) तिथून पुढं जातच नाही. मात्र प्रत्येक शेजाऱ्याला आधी ‘सेपरेटरमधला का?’ विचारा आणि तसा असेल तर त्या तुकड्याच्या ‘काठ’ सेटमध्ये टाका, ‘पाहिलाय का?’ त्यानंतर. मी क्रम उलटा लिहिला होता. काठ कायम रिकामा, उत्तर कायम ‘नाही’. ते सापडेपर्यंत रात्रीचा एक वाजला. काठाची लांबी सेपरेटरइतकी भरली की मोजणी एकनं वाढवायची, दोन झाले की थांबायचं. वेळ लागतो तो व्हर्टेक्स अधिक एज यांच्या संख्येच्या प्रमाणात, एवढाच.

तपासायला व्याख्येवरून सगळ्या जोड्या बघणारा दुसरा, संथ प्रोग्राम लिहा आणि पाच व्हर्टेक्सच्या सगळ्या 1,024 ग्राफांवर दोघांची उत्तरं ताडून बघा. मॅडमचा चौकोनही त्यात येतो. आमचे दोन्ही प्रोग्राम रिकाम्या संचावर भांडले. ग्राफ मुळातच तुटलेला असेल तर रिकामा संचही मिनिमल सेपरेटर असतो, आणि मी शहाणपणा करून ‘संच रिकामा तर नाही’ अशी ओळ घातली होती. ती खोडली, 1,024 च्या 1,024 जुळले.